पोट, मन आणि दुधातली अश्वगंधा

भूक नाही, पोट साफ होत नाही, झोप लागत नाही. उतारवयातील खिन्नता पुष्कळदा याच तक्रारींचे रूप घेऊन येते. ‘मन उदास आहे’ असे म्हणणे ज्येष्ठांना जड जाते. ‘पोट बिघडले आहे’ असे म्हणणे सोपे असते. साहजिकच घरातले उपायही पोटापासून सुरू होतात. दुपारी दह्याची वाटी, रात्री त्रिफळा आणि दुधातून अश्वगंधा. आतड्यातील जीवाणूंचा मनाशी संबंध आहे, असे आता सर्वत्र वाचावयास मिळत असल्याने या उपायांवरचा विश्वास अधिकच वाढला आहे.

हा संबंध खरा आहे. त्यावरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र पारखून घ्यावे लागतात. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे आपण वाचले असेल. परंतु ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, हे सहसा सांगितले जात नाही. जीवाणूंचा निरोप मेंदूपर्यंत अन्य वाटांनी जातो. त्यांपैकी एक म्हणजे पोटाला मेंदूशी जोडणारी व्हेगस ही मज्जा. २०११ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांनी लॅक्टोबॅसिलसचा एक विशिष्ट वाण उंदरांना दिला, तेव्हा त्यांचा भित्रेपणा कमी झाला. व्हेगस तोडलेल्या उंदरांत तो परिणाम दिसला नाही. पुढे तोच वाण २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला गेला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : ताणतणावात काहीही फरक नाही. महागड्या प्रोबायोटिक कॅप्सूल घेण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

आहाराची बाजू त्या मानाने भक्कम आहे. ऑस्ट्रेलियात खिन्नतेच्या ६७ रुग्णांवर बारा आठवडे प्रयोग झाला. भाज्या, कडधान्ये, अखंड धान्ये, मासे, सुकामेवा अशा आहाराचे मार्गदर्शन मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण आजारातून बाहेर आले. केवळ गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि अनेकांचे औषधोपचारही चालूच होते. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, मऊ शिजवलेली मटकीची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी आणि ताक यांतून असाच आहार साधतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र आधी विचारावे.

वनस्पतींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. अश्वगंधेने चिंता काहीशी कमी होते, असे काही लहान चाचण्यांत आढळले आहे. पण ती थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकते, क्वचित यकृताला इजा करते, आणि झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास गुंगी वाढते. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना तोल गेला, तर खुब्याचे हाड मोडावयास वेळ लागत नाही. काढ्यातले ज्येष्ठमध नित्य आणि भरपूर घेतले, तर रक्तदाब चढतो व पोटॅशियम उतरते. परदेशी असलेली मुले प्रेमाने पाठवतात ती ‘सेंट जॉन्स वर्ट’ सौम्य खिन्नतेवर गुणकारी आहे, हे मान्य. परंतु वॉरफॅरिन आणि डिगॉक्सिन यांचा प्रभाव ती घटवते. खिन्नतेवरील नेहमीच्या गोळ्यांसोबत घेतल्यास घाम, थरथर आणि अस्वस्थता उद्भवून प्रसंग जिवावर बेतू शकतो.

म्हणून पुढच्या भेटीला चूर्णाची डबी आणि काढ्याची बाटलीही डॉक्टरांसमोर ठेवावी. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. बी-१२ व थायरॉइडची तपासणी झाली नसेल, तर ती करावी. दोहोंच्या कमतरतेने मन मलूल होते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘आता देवाने उचलावे’ हे वाक्य वारंवार कानी येऊ लागले, तर वयाची कुरकुर समजून ते सोडून देऊ नये. शेजारी बसून, जीव नकोसा झाला आहे का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास त्यांना एकटे न ठेवता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून, तेथे मराठीतून बोलता येते.