आंबा डझनावर नव्हे, पेटीने घ्यावा

फळे म्हणजे आजाऱ्याला न्यायची किंवा पाहुण्यांपुढे ठेवायची वस्तू, असा समज आपल्या बऱ्याच घरांत रुजला आहे. आंब्याच्या बाबतीत तर मार्चमध्ये चढ्या भावाने चार हापूस आणायचे, दोन-दोन फोडी वाटून घ्यायच्या आणि ‘यंदा आंबा महागच’ म्हणत बसायचे, ही रीतच पडली आहे.

या उतावीळपणाची किंमत केवळ पैशांत नसते. लवकर आलेल्या फळाला भाव मिळतो म्हणून कोवळे आंबे उतरवले जातात आणि कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिवळे केले जातात. कार्बाइडवर २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे; ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे. पण कोवळ्या आंब्याची साल पिवळी झाली तरी त्याच्या गराला गोडी कुठून येणार?

मे महिन्यात आवक वाढते, भाव उतरतात. पेटी घ्यायची ती तेव्हा. एकट्याला परवडत नसेल तर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी. पूर्ण तयार झालेले, पण अजून कडक असलेले आंबे पेंढ्यात आढी लावून ठेवावेत. रोज आढी चाळावी, पिकलेले पुढे काढावेत आणि डागी फळ आधी संपवावे. हे काम मुलांवर सोपवले तर वासावरून पिकलेले फळ ओळखायला ती आपोआप शिकतात. जास्त पिकलेल्यांचा रस ताटात वाळवून आंबापोळी करता येते, म्हणजे काही वाया जात नाही.

पोटभर आंबे खाण्याला आहारशास्त्राचाही आधार आहे. आंब्यातल्या कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते आणि ते यकृतात साठवून ठेवते. म्हणजे मेमधली चंगळ पावसाळ्यातही उपयोगी पडते. कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो; रसावर तूप घालण्याच्या चालीत तेवढे शहाणपण नक्कीच आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून बेतानेच खावे.

हाच न्याय हिवाळ्यातल्या पेरूला आणि नागपुरी संत्र्याला लागू पडतो. ज्या फळाचा मोसम, त्याची करंडी घरात असावी. येता-जाता, न विचारता फळ उचलण्याची मुभा मुलांना मिळाली, तर फळे खा म्हणून त्यांच्या मागे लागण्याची वेळ सहसा येत नाही.