सर्वांत लांब थांबा मोजा

रास्पबेरी पायवर कॅमेरा बसवून तासन्‌तास रेकॉर्डिंग करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: व्हिडिओ मध्येच अडखळतो, फ्रेम गळतात. संशय थेट पेनड्राइव्हवर जातो. नवा, महागडा ड्राइव्ह येतो आणि अडखळणं तसंच राहतं.

खरेदीआधी हिशेब करा. १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, एच.२६४ मध्ये १७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन मेगाबाईट. एवढं जुना पेनड्राइव्हही लिहितो. तोच व्हिडिओ कच्च्या वायूव्ही ४२० स्वरूपात ठेवायचा तर सेकंदाला ९३ मेगाबाईट हवेत. पाय ३ च्या यूएसबी २.० वर ४८० मेगाबिट हा कागदावरचा आकडा. हाती येतात तीस-पस्तीस मेगाबाईट, आणि त्याच वाटेवर इथरनेटही असतं. तिथे कोणताही ड्राइव्ह लावा, फरक पडणार नाही.

दोन मेगाबाईटलाही फ्रेम गळत असतील, तर सरासरी वेग मोजणं सोडा, लिहिणं सर्वांत जास्त वेळ कुठे थांबतं ते मोजा. लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठवतं, मूळ सेटिंगनुसार साधारण ३० सेकंद. मग साठलेले साठेक मेगाबाईट एकदम ड्राइव्हवर येऊन पडतात. स्वस्त पेनड्राइव्ह अशा वेळी आतले ब्लॉक पुसत बसतो आणि काही क्षण उत्तरच देत नाही. कॅमेरा वाचणं आणि फाईल लिहिणं एकाच थ्रेडमध्ये असेल, तर लिहिणं तुंबताच फ्रेम गेली. म्हणून दोन्ही कामं वेगळी करा, मध्ये काही सेकंदांचा बफर ठेवा आणि कर्नलची ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ ही मर्यादा काही मेगाबाईटवर आणा, म्हणजे लिहिणं थोडं थोडं, सतत होत राहील. ‘डीडी’ने मिनिटभर शून्यं लिहून दिसलेला मोठा आकडा बऱ्याचदा रॅमचाच असतो. त्यावर विसंबून कुणाला उपकरण बसवून देऊ नका, ही आमची कळकळीची विनंती.

जोडणीचा वेग तपासायला पाय ४ वर ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा. ५००० ऐवजी ४८० दिसलं, तर केबल, हब किंवा चुकीचं पोर्ट. ड्रायव्हर ‘यूएएस’ असून ड्राइव्ह मध्येच रीसेट होत असेल, तर त्या ड्राइव्हच्या यूएसबी अडॅप्टरपुरतं यूएएस बंद करून पाहा. वेग थोडा उतरेल, रेकॉर्डिंग टिकेल. एनटीएफएसऐवजी एक्स्ट ४ वापरा.

वीज मात्र सगळ्यांत दुर्लक्षित. पाय ४ ची चारही पोर्टं मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा पुरवठा नसेल, तर चारही पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. एसएसडी लिहिताना याहून जास्त ओढू शकतो. ‘व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड’चं उत्तर शून्य नसेल, तर विजेचा नाहीतर तापमानाचा प्रश्न आधी सोडवा.

यापुढे अडचण कळवताना ड्राइव्हच्या नावासोबत ‘एलएसयूएसबी -टी’ आणि ‘व्हीसीजेनकमांड’ या दोन्ही आज्ञांची उत्तरं आणि किती मिनिटांनी पहिली फ्रेम गळली, तेवढं जरूर लिहा.