विश्लेषण : नदीत पाणी असूनही नदी आजारी का? गोदावरी-मांजराचे गणित काय सांगते?

पावसाळा सरला की गोदावरी आणि मांजरा या दोन्ही नद्या बंधाऱ्यांमागे थांबतात. पाणी हिरवे पडते, जलपर्णी पसरते, काठावर दुर्गंधी येऊ लागते. अशा वेळी ‘वरून पाणी सोडा, घाण वाहून जाईल’ ही मागणी हमखास होते. पण त्यासाठी नेमके किती पाणी लागेल? तेवढे पाणी मराठवाड्यात आहे का?

नदीची तब्येत कशी मोजतात?

पाणी स्वच्छ दिसते की गढूळ, यावरून नदीची तब्येत कळत नाही. पुराचे गढूळ पाणी नदीसाठी चांगले असू शकते आणि नितळ पाण्यात रोगजंतू असू शकतात. त्यासाठी दोन मोजमापे महत्त्वाची आहेत. पहिले, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. दुसरे, जैविक प्राणवायू मागणी म्हणजेच बीओडी. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, तितका बीओडी. घाण जास्त तर बीओडी जास्त आणि माशांसाठी उरणारा प्राणवायू कमी. आंघोळीयोग्य नदीच्या पाण्यात प्रति लिटर किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि बीओडी ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा निकष आहे. मैलापाण्याची खूण असलेले ‘फिकल कोलिफॉर्म’ जिवाणू १०० मिलिलिटरमागे २५०० च्या वर जाता कामा नयेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातील ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते. नाशिकजवळच्या सोमेश्वर मंदिरापासून नांदेड जिल्ह्यातील राहेरपर्यंतची गोदावरी त्यात होती.

नांदेडच्या खाली काय होते?

नांदेड शहर पाणी घेते ते वरच्या बाजूच्या विष्णुपुरी जलाशयातून. वापरलेले पाणी मात्र नाल्यांवाटे शहराच्या खालच्या बाजूस नदीत येते. पुढे मुदखेड तालुक्यात आमदुरा, उमरी तालुक्यात बळेगाव आणि धर्माबाद तालुक्यात बाभळी असे बंधारे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्यानंतर ते बंद होतात आणि नदीची तळी होतात. वाहत्या, खळखळत्या पाण्यात हवेतील प्राणवायू मिसळत राहतो. साचलेल्या पाण्यात ही क्रिया मंदावते. म्हणजे शहराची घाण सर्वाधिक त्रास देते ती पाणी थांबलेल्या आठ महिन्यांत. त्याच पाण्यावर काठच्या गावांच्या विहिरी, बोअर आणि जनावरे अवलंबून असतात.

घाण वाहून न्यायला किती पाणी लागेल?

हे गणित सोपे आहे. प्रक्रिया न केलेल्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० मिलिग्रॅम असतो. नदीच्या बऱ्यापैकी चांगल्या पाण्याचा बीओडी २ धरला, तर एक लिटर सांडपाणी ३ च्या निकषात बसवायला सुमारे २०० लिटर नदीचे पाणी मिसळावे लागते.

आता शहराचा हिशेब. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी हा नेहमीचा ठोकताळा लावला, तर रोज सुमारे ६ कोटी लिटर सांडपाणी होते. ते सगळे प्रक्रियेविना नदीत गेले, असे धरले, तर केवळ मिसळून ते निकषात बसवायला रोज १२०० कोटी लिटर, म्हणजे सुमारे ०.४२ टीएमसी पाणी लागेल.

बाभळी बंधाऱ्याची पूर्ण साठवण क्षमता २.७४ टीएमसी आहे. एवढे पाणी या कामी आठवडाभरही पुरणार नाही. १ मार्चला बाभळीतून तेलंगणासाठी सोडायचे पाणी ०.६ टीएमसी. ते जेमतेम दीड दिवसाचे. उन्हाळ्यात विष्णुपुरीतील साठा पिण्यासाठी राखावा लागतो. पाणी सोडून नदी धुवायची, हा मार्ग मराठवाड्याला परवडणारा नाही.

मग नदीत पाणी सोडणे निरुपयोगी का?

नाही. आधी प्रक्रिया केली, तर थोडे पाणीही पुरते. सांडपाण्याचा बीओडी ३० वर आणला, तर एका लिटरमागे २०० ऐवजी २७ लिटर पाणी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलेल्या १० च्या मर्यादेपर्यंत आणला, तर फक्त ७ लिटर. म्हणून ‘शुद्धीकरण केंद्र उभे राहिले का’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. किती नाले केंद्राला जोडले, पंप किती तास चालले आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती, हे तीन आकडे महत्त्वाचे आहेत.

लातूरचा प्रश्न वेगळा कसा?

लातूरला मिसळायला पाणीच नाही. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने शहराला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी आले. धरणाखाली साई, नागझरी, डोंगरगाव अशा बंधाऱ्यांची साखळी आहे. ती टंचाईत आधार देते, पण पावसाळ्याबाहेर नदी वाहत नाही. अशा नदीत थोडे सांडपाणीही जड जाते. त्यामुळे लातूरमध्ये सांडपाण्यावर काटेकोर प्रक्रिया करून ते उद्योगांना किंवा शेतीला देणे, हा नदी वाचवण्याचा आणि पिण्याचे पाणी वाचवण्याचाही मार्ग ठरतो. मांजरा पुढे तेलंगणातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. तेव्हा दोन्ही शहरांचा हिशेब शेवटी एकच होतो.

मासे काय सांगतात?

प्राणवायू ४ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू, कटला यांसारख्या माशांना त्रास होतो. मरळ आणि मांगूर पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे ते तग धरतात. जाळ्यात रोहू-कटला कमी होऊन हेच मासे जास्त येऊ लागले, तर भोई बांधवांना प्रयोगशाळेच्या आधी धोका कळतो. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, कारण रात्री शेवाळही तो वापरते. पहिल्या पावसात नाल्यांत साचलेला गाळ एकदम नदीत येतो, तेव्हाही मासे दगावण्याची भीती असते.

काठच्या गावांनी काय पाहावे?

राज्यात ग्रामपंचायतींच्या जलस्रोतांची पाहणी करून जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामपंचायतीत विचारता येते. पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असेल, तर टीसीएल पावडरमधील क्लोरीन तिच्यावरच खर्च होते आणि जंतू मारायला उरत नाही. म्हणून पावडर टाकली एवढ्यावर थांबू नये. टोकाच्या घरातील नळाची ओटी चाचणी करावी. पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर पाणी उकळून प्यावे आणि जलसुरक्षकाला कळवावे. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर ते पाणी तान्ह्या बाळांना देऊ नये. त्यासाठी विहीर व बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करून घ्यावी लागते.