मे महिन्याआधी घरातल्या डीव्हीडी एकदा उघडून पाहा

आईच्या जात्यावरच्या ओव्या मी २००९ साली तिच्यासमोर बसून रेकॉर्ड केल्या. बाहेरून जोडायच्या डीव्हीडी रायटरवर त्या एका डिस्कवर उतरवल्या. काम पूर्ण झाल्याची सूचना पडद्यावर आली, ट्रे बाहेर आला. मी डिस्कवर तारीख टाकली आणि संगणकात जागा हवी म्हणून मूळ फाईल पुसून टाकली. आई गेल्यावर ती डिस्क काढली. चार ओव्या वाजल्या, पुढे रायटर नुसता घरघरत राहिला. मी ती डिस्क राईट केल्यावर एकदाही उघडून पाहिली नव्हती. ही चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही जा, घराघरांत कपाटावर लग्नाच्या, बारशाच्या, साठीच्या डीव्हीडी पडून आहेत. अनेकांचा घरच्या संगणकाचा बॅकअपही त्यावरच आहे. 'रायटर त्रास देतो' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. यातला बराच त्रास टाळता येतो.

पहिला त्रास विजेचा. बाहेरचे बहुतेक रायटर आपली वीज यूएसबीतूनच घेतात. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. वाचताना एवढी वीज पुरते, पण राईट करताना मोटर आणि लेझर दोन्हींना जास्त लागते आणि ती कमी पडली की डिस्क मध्येच वाया जाते. म्हणून रायटर संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट लावा. लांब वायर किंवा हब मध्ये घालू नका. रायटरसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडे लावा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय डिस्क राईट करायला घेऊच नका. निम्म्यात लाईट गेली की ती डिस्क बहुधा गेलीच समजा.

दुसरा त्रास जागेचा. डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असते आणि संगणक ४.३७ दाखवतो. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या पटीत. त्यामुळे डिस्क काठोकाठ भरू नका, चार जीबीवर थांबा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. हात, चरे आणि धूळ आधी बाहेरच्या कडेला लागतात, म्हणून शेवटी लिहिलेल्या फाईलींना धोका जास्त.

तिसरा त्रास, 'माझ्याकडे चालते, भावाकडे चालत नाही.' कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारते, ती पेन ड्राईव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसरा पर्याय निवडा. वेग सर्वांत मोठा न घेता ४ एक्स ठेवा. एका डिस्कला साधारण पंधरा मिनिटे लागतील, लागू द्या. सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेरिफाय' असेल तर ते चालू करा.

यापुढचा शत्रू आपला उन्हाळा. राईट होणाऱ्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझरने केलेल्या खुणा त्यातच असतात, आणि ऊन, उष्णता, ओल यांनी तो बिघडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालची खोली आणखी तापते आणि घरात कूलरची दमट हवा फिरत असते. म्हणून डिस्क माळ्यावर नको, खिडकीत नको, कूलरसमोर तर नकोच. कडक डबीत, उभी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. स्टिकर चिकटवू नका. पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने आतून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवू नका.

एवढे करूनही डिस्कवरच विसंबू नका. १२८ जीबीचा भरलेला मोबाईल उतरवायला, डिस्क काठोकाठ भरल्या तरी, २८ डीव्हीडी लागतात. इतके काम कुणी नेमाने करत नाही आणि न झालेला बॅकअप कामाचा नाही. रोजच्या बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. डीव्हीडीचा एक गुण मात्र खरा आहे. एकदा बंद केलेल्या डिस्कवरच्या फाईली व्हायरसला पुसता येत नाहीत. त्यामुळे अगदी मोलाच्या गोष्टींची जादा प्रत म्हणून ती जरूर ठेवा.

मोलाचे काय, हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो. हे पुन्हा मिळेल का? डिजिटल सहीचा सातबारा पुन्हा काढता येतो, आधारही पुन्हा डाउनलोड होते. आजोबांचा आवाज, आजीच्या हाताच्या चिठ्ठीचा फोटो, लेकीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ पुन्हा मिळत नाही. आधी त्यांची सोय करा. एक प्रत संगणकात, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, देवळीच्या बहिणीकडे किंवा नागपूरच्या मुलाकडे.

घराबाहेरच्या प्रतीचे मोल आपल्या वर्धा जिल्ह्याला नवे नाही. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले आणि तिथून त्यांची असंख्य पत्रे देशभर गेली. त्यांच्या समग्र लेखनाचे शंभर खंड १९५८ ते १९९४ या काळात निघाले. त्यासाठी पत्रे गोळा करावी लागली ती ज्यांना ती लिहिली होती त्यांच्याकडून, संग्रहांतून, जुन्या वृत्तपत्रांतून. अनेक घरांनी आपापला कागद सांभाळला, म्हणून ते एकत्र आले.

३१ मार्चला आपण वर्षाचा हिशेब मिटवतो. २०११ पासून जगभर हाच दिवस बॅकअपची आठवण देणारा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्यासाठी तो अगदी योग्य वेळी, उन्हाळा तापायच्या तोंडावर येतो. दरवर्षी त्या दिवशी तासभर काढा. एकेक डिस्क घाला, तिच्यातली शेवटची फाईल उघडा आणि ती पूर्ण चालू द्या. चालली तर त्याच बैठकीत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. अडखळली तर दुसऱ्या रायटरवर लावून पाहा. एकाला न वाचता आलेली डिस्क दुसरा कधीकधी वाचतो. आणि सगळे उघडून पाहिल्याशिवाय मूळ फाईल पुसू नका.

आईच्या चार ओव्या माझ्याकडे उरल्या आहेत. त्या आता तीन ठिकाणी आहेत. तुमच्याकडे अजून सगळ्या असतील. आजच तपासा.