शेवट नव्हे, हिशेब दाखवा

आमच्या उर्दू शाळेत नववीत एक मुलगी आहे. नाटकात फार छान काम करते. यंदा तिच्या अम्मीने स्नेहसंमेलनातून तिचे नाव काढून घेतले. मला म्हणाल्या, "मॅडम, मीनाकुमारीचं शेवटी काय झालं, ठाऊक आहे ना?"

ही भीती सिनेमानेच पसरवली आहे. दुःखी अभिनेत्रीवर चित्रपट काढायचा म्हटले की दारू, प्रेमप्रकरणे आणि एकाकी शेवट, एवढेच रंगवले जाते. प्रेक्षक हळहळतात आणि घरी येऊन मुलीला बंद करतात.

म्हणूनच श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) मला वेगळा वाटतो. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. त्यात स्मिता पाटील यांची उषा लहानपणापासून घर चालवते. पुढे नवरा तिच्याच कमाईवर जगतो आणि वर तिच्यावर संशयही घेतो. कंटाळून ती सिनेमा सोडते, एका श्रीमंत माणसाच्या वाड्यात राहायला जाते. तिथे मान आहे, स्वयंपाकघर आहे, मूल आहे. पण उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. सिनेमातून सुटून ती घरातच कैद होते.

म्हणजे दोष अभिनयाचा नव्हता. कमाई तिची होती, निर्णय मात्र दुसऱ्यांचे होते. हंसाबाईंनी आपले आयुष्य स्वतः सांगितले, त्यामुळे पडद्यावर ती ना देवी झाली ना कुलटा.

मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो. अगदी लहान वयात तिला कॅमेऱ्यासमोर उभे केले, तिच्या कमाईवर घर चालले. 'नाज़' या नावाने तिने उर्दूत शायरी लिहिली. १९७२ मध्ये गेली तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. तिच्यावर कुणी चित्रपट काढलाच, तर बाटलीपासून नको, त्या लहान मुलीच्या मजुरीपासून सुरुवात करावी. तिच्या जिवावर कोण जगले, हे दाखवावे.

हे सगळे मी त्या अम्मीला सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले, मग म्हणाल्या, "तिच्या अब्बांना विचारते."

मुलगी शेजारीच उभी होती. तिला कुणीच विचारले नाही. खरे तर मीही नाही.