घरात मांजर आहे म्हणून लेप्टो टळत नाही

सिंधुदुर्ग, रत्नागिरीत भातलावणी सुरू झाली की लेप्टोच्या तापाची चर्चाही सुरू होते. त्यावर गावात ठरलेलं उत्तर असतं : मांजर पाळा, उंदीर जातील. उंदीर कमी होतात हे खरं, पण तेवढ्याने लेप्टो जातो असं नाही.

लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीतून बाहेर पडतात. साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत ते कित्येक आठवडे तग धरू शकतात. चिखलात राबणाऱ्याच्या पायाला चीर असली किंवा जखम असली, की तिथून अंगात शिरतात.

उंदीर खाणाऱ्या मांजरालाही ही लागण होते. अनेक देशांत मांजरांच्या लघवीत हे जंतू सापडले आहेत. कुत्रा लेप्टोने आजारी पडला तर ताप, उलट्या, कावीळ दिसते. मांजर मात्र बहुतेक वेळा ठणठणीत दिसतं. म्हणूनच ‘आमचं मांजर बरं आहे’ याला फारसा अर्थ नाही. कुत्र्यासाठी लस आहे, मांजरासाठी ती वापरात नाही.

मग मांजर हाकलायचं का? मुळीच नाही. माणसाला मांजरापासून लागण झाल्याची उदाहरणं फारच कमी आहेत. खरा धोका उंदीर आणि दूषित पाणी हाच आहे. मांजर एखाद-दुसरा उंदीर मारतं, पण भाताची पोती, पेंड आणि खरकटं उघडं राहिलं तर नवे उंदीर येतच राहतात. म्हणून धान्य, पेंड झाकून ठेवणं आणि गोठ्यात पाणी साचू न देणं हे काम माणसालाच करावं लागतं. मांजराची घाण काढताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

जीव जातो तो बहुतेकदा उशिरामुळे. लावणीनंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल अशी लक्षणं दिसतात. ‘लावणीचा शीण आहे’ म्हणत चार दिवस अंगावर काढले, तर मूत्रपिंड आणि यकृतावर परिणाम होतो. लघवी कमी होणं, डोळे पिवळे होणं या धोक्याच्या खुणा. त्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं आणि शेतात चिखलात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. वेळेत मिळालेल्या साध्या प्रतिजैविकांनी हा आजार बरा होतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी डॉक्सीसायक्लीनची गोळी दिली असेल, तर ती फळीवर ठेवून न देता सांगितल्याप्रमाणे घ्यावी. गरोदर बाई आणि लहान मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.