माळ्यावरचा वस्तरा

धाराशिव-तुळजापूरकडील जुन्या वाड्यांचे माळे उतरू लागले म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांखाली केव्हा केव्हा एखादा गंजलेला वस्तरा निघतो. पात्यावर शेफील्डचे वा झोलिंगेनचे नाव आणि मूठ सेल्युलॉइडची, तडकलेली. तो पुन्हा कामास कसा आणावा, हा प्रश्न ह्या वेळी घेतो.

हात लावण्यापूर्वी तो कोणाचा, हे घरातील वृद्धांस विचारावे. नाभिक आपली हत्यारे धोकटीत घालून आणी व परत नेई. मग वस्तरा घरात राहिला कसा? दाढीखेरीज आपल्या ब्राह्मण घरांत ह्या हत्याराने आणखी एक काम होई, ते विधवांच्या केशवपनाचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून ते काम न करण्याचा ठराव केला. वस्तरा ज्यांच्या हाती होता त्यांस जे उमजले, ते पोथी ज्यांच्या हाती होती त्यांस उमजण्यास फार वेळ लागला! वस्तऱ्यामागे अशी आठवण असेल, तर त्यास लकाकी आणू नये, असे आम्हांस वाटते. केवळ गंज थांबवून तेल लावावे आणि हकीकत लिहून सोबत ठेवावी.

साध्या दाढीचा असेल तर प्रथम धार भिंगाखाली पाहावी. चीर दिसल्यास नाद सोडावा. वरवरचा गंज तेल व बारीक पॉलिश कागद घेऊन हातानेच काढावा. फिरत्या चाकावर पातळ पाते क्षणात तापते. निळी झाक आली की पोलादाचे पाणी उतरले. खोल खड्डे तसेच असू द्यावेत.

कुजणाऱ्या सेल्युलॉइडच्या आम्लयुक्त वाफेनेच पाते गंजते. म्हणून मूठ लाकडाची करावी. बाभळीस आपल्याकडे तोटा नाही. तिच्या वाळलेल्या गाभ्याच्या दोन पातळ पट्ट्या तासाव्यात, एका टोकास पितळी खिळा, दुसऱ्यास निमुळती पाचर. पाते मिटताना धार लाकडास लागता कामा नये. सारे कसब एवढ्यातच आहे. वर अळशीचे तेल द्यावे. करडईचेही चालते, पण सुकण्यास अधिक दिवस घेते. शेंगदाण्याचे सुकतच नाही. अळशीच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून टाकू नये, ती आपोआप पेटते.

धारेच्या दगडावर पाठ व धार दोन्ही टेकवून धार पुढे ठेवावी. चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. तयार वस्तरा एकाच माणसाने वापरावा, आणि पावसाळ्यात पुसून, तेलाचा हात देऊनच मिटावा.